मासळीवर ताव मारायला जाताय? ऑर्डर एकाच्याच हाती द्या

त्या दिवशी आम्ही नऊ जण होतो आणि ऑर्डरही नऊ जणांनी दिली. टेबलावर लसूण-बटरमधले चार पदार्थ आले. जीव चार, चव एकच. तळलेला स्क्विड गप्पांच्या नादात पंधरा मिनिटं तसाच पडून राहिला आणि त्याचं चामडं झालं. खेकडा सगळ्यात शेवटी आला, तोवर निम्म्यांची पोटं तुडुंब भरली होती. आणि कोळंबीची ॲलर्जी असलेली आमची एक मैत्रीण तासभर नुसता पाव कुरतडत बसली, कारण तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं. बिल मात्र सणसणीत आलं.

आचाऱ्याचा यात काडीचाही दोष नव्हता. त्याने पदार्थ चांगलेच केले होते, बिघडवले आम्ही. तेव्हापासून आमच्या कंपूत मासळी खायला गेलं की ऑर्डर एकच जण देतो. त्याला आम्ही कारभारी म्हणतो. बाकीच्यांनी आवडीनिवडी आधी सांगायच्या, मेनूकार्ड त्याच्याकडे सोपवायचं आणि मग तक्रार करायची नाही. हे काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं, त्यामुळे चुकाही माझ्याच जास्त झाल्यात. त्या तुम्ही पुन्हा करू नयेत म्हणून हा खटाटोप.

पायरी १: माणसं मोजा आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारा

सहा ते आठ हा सगळ्यात सुखाचा आकडा. दीड किलोचा अख्खा मासा एवढ्या जणांना पुरतो, खेकड्याचे वाटे नीट पडतात आणि टेबलाच्या या टोकाचं ताट त्या टोकाला पोचतं. चार जणांत पदार्थ तीनच मागवता येतात. दहाच्या पुढे गेलात तर सरळ दोन टेबलं समजा आणि प्रत्येक पदार्थ दोन ताटांत मागवा, नाहीतर कोपऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला नुसता रस्सा येतो. गोल टेबल मिळालं तर सोडू नका.

आता तो प्रश्न: "काय चालत नाही?" तो आदल्या दिवशी विचारायचा, टेबलावर बसल्यावर नाही. चारचौघांत सांगायला अनेकांना भीड वाटते.

'मासळीची ॲलर्जी' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबू नका, कशाची ते विचारा. मासे, कवचवाले जीव (कोळंबी, खेकडा, शेवंड) आणि शिंपलेवर्गातले जीव (तिसऱ्या, मसल्स, कालवं, शिवाय स्क्विड-ऑक्टोपससुद्धा) हे तीन वेगळे गट आहेत. युरोपीय संघाच्या कायद्यात ज्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांची नोंद सक्तीची आहे, त्यांतही हे तिन्ही स्वतंत्र धरले आहेत. कोळंबी-खेकड्याच्या ॲलर्जीमागे बहुतेक वेळा ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं, तर माशाच्या ॲलर्जीमागे बहुधा पार्व्हाल्ब्युमिन. त्यामुळे कोळंबी न चालणाऱ्याला मासा चालू शकतो. पण हे त्याने स्वतः, डॉक्टरांकडून खात्री करून सांगायचं. कारभाऱ्याने अंदाज बांधायचा नाही. दोन्ही प्रथिनं शिजवून नष्ट होत नाहीत. ज्या तेलात कोळंबी तळली त्याच तेलात तळलेले बटाटेही अशा माणसाला त्रास देऊ शकतात. म्हणून वेटरला "कोळंबी घालू नका" एवढंच सांगून भागत नाही. तेल, तवा, पळी वेगळी आहे का ते विचारावं लागतं. ॲलर्जी आयोडीनची असते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे.

ॲलर्जी असलेल्या माणसाकडे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असेल तर ते कुठल्या खिशात आहे हे शेजारच्यालाही माहीत असू द्या. ओठ-जीभ सुजणं, घशात आवळल्यासारखं होणं, श्वास लागणं ही लक्षणं दिसली तर गोळी देऊन वाट बघत बसायचं नसतं. इंजेक्शन आणि तातडीने दवाखाना.

बाकीच्या नोंदी पटकन: कुणी गरोदर असेल तर कच्चं काही नको, आणि शार्क, स्वोर्डफिशसारखे मोठे शिकारी मासेही नकोत, कारण त्यांच्या मांसात पारा जास्त साठतो. यकृताचा आजार असलेल्याने कच्ची कालवं अजिबात खाऊ नयेत. त्यातल्या व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग अशा माणसाच्या जिवावर बेतू शकतो. युरिक ॲसिड वाढलेला मित्र स्वतःहून सांगत नाही, त्याला विचारा. आणि सोबत कुणी शाकाहारी असेल तर लक्षात ठेवा: साध्या परतलेल्या भाजीतही ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस असू शकतो.

पायरी २: फोन करा

टेबल राखून ठेवताना तीन गोष्टी विचारा. ताजा माल कोणत्या दिवशी येतो? आधी सांगून ठेवावे लागणारे पदार्थ कोणते? आणि अख्खा मासा किंवा शेवंड बाजूला ठेवतील का? मिठाच्या थरात भाजलेला अख्खा मासा, मोठा खेकडा असल्या गोष्टी ऐनवेळी मिळतीलच असं नाही.

वेळ शक्यतो गर्दीच्या तासभर आधीची घ्या. मासळीचा पदार्थ मिनिटाच्या हिशेबाने बनतो आणि मिनिटाच्या हिशेबाने बिघडतो. स्वयंपाकघरात चाळीस ऑर्डरी एकदम पडल्या की पहिला बळी मासळीचाच जातो. माझं मत विचाराल तर दुपार उत्तम. घाई नसते, आणि खेकडा फोडायला उजेड असतो.

पांढरा शर्ट घरी ठेवा. अंगठ्या काढून ठेवा.

पायरी ३: माल बघा

जिथे बर्फावर किंवा टाकीत माल मांडलेला असतो तिथे कारभाऱ्याने उठून जाऊन बघायचं. यात लाजण्यासारखं काहीच नाही, चांगल्या हॉटेलवाल्याला ते आवडतंच.

माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, खोल गेलेले आणि दुधाळ नकोत. कल्ले लालभडक असावेत, तपकिरी नसावेत. बोटाने दाबल्यावर मांस परत वर आलं पाहिजे. वासाचं गणित मजेशीर आहे. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं संयुग असतं, त्याला वास नसतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि आपण ज्याला 'माशाचा वास' म्हणतो तो हाच. म्हणजे ताज्या माशाला माशाचा वास येत नाही, समुद्राचा येतो. लिंबू पिळल्यावर आम्लामुळे हा वास दबतो. म्हणून एखाद्या ताटात लिंबाचा पूर आला असेल तर मला आधी संशय येतो.

खेकडा निवडताना आकाराला भुलू नका, हातात घेऊन वजन बघा. खेकडा कात टाकल्यासारखं जुनं कवच टाकतो, पाणी शोषून फुगतो आणि मग नव्या कवचात हळूहळू मांस भरतं. नुकतं कवच टाकलेला खेकडा दिसायला मोठा, पण आत नुसतं पाणी. दोन सारख्या आकाराच्या खेकड्यांतला जो जड लागेल तो घ्या. पायाचं कवच दाबून लवत असेल तर परत ठेवा. पोटाकडची झडप अरुंद आणि टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. नांग्यांचं मांस हवं असेल तर नर, लाख (आतली अंडी) हवी असेल तर मादी.

शिंपल्या आणि मसल्स तोंड मिटलेले हवेत, किंवा टिचकी मारल्यावर मिटणारे. उघडेच राहिले तर ते मेलेले.

'फ्रोझन' ऐकून नाक मुरडू नका. पकडल्यावर लगेच गोठवलेली कोळंबी चार दिवस बर्फावर लोळलेल्या 'ताज्या' कोळंबीपेक्षा कधीही सरस. स्क्विड तर गोठवल्याने थोडा मऊच होतो. आणि मासा कच्चा खायचा असेल तर आधी गोठवलेला असणंच बरं: उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवलं की त्यातले परजीवी मरतात. लिंबाच्या रसात मुरवल्याने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण परजीवी मरतील याची हमी नाही.

पायरी ४: वजन आणि भाव, तोंडावर विचारून

इथे माझी फजिती सांगायलाच हवी. एका ठिकाणी मेनूत माशापुढे भाव लिहिला नव्हता, 'बाजारभावाप्रमाणे' असं होतं. वेटर म्हणाला, "मध्यम आहे साहेब, सगळ्यांना पुरेल." पाहुण्यांसमोर कुठे भाव विचारायचा, म्हणून मी मान डोलावली. मासा आला तो टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. सगळे टाळ्या पिटत होते आणि मी मनातल्या मनात आकडेमोड करत होतो. बिलातला निम्मा आकडा त्या एकट्या माशाचा निघाला.

आता मी चार प्रश्न ओळीने विचारतो. भाव शंभर ग्रॅमचा की किलोचा? वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? काट्यावर ठेवून दाखवाल का? आणि बनवण्याचे वेगळे पैसे लागतात का? चौथा प्रश्न लोक हमखास विसरतात.

वजनाचा आणखी एक चकवा आहे. तुम्ही पैसे कवचाचे आणि काट्याचेही देता. खाण्याजोगा भाग साधारण असा निघतो: अख्ख्या माशातून चाळीस ते पंचेचाळीस टक्के, डोक्यासकटच्या कोळंबीतून तेवढाच, खेकड्यातून आणि मसल्समधून जेमतेम पाव हिस्सा, स्क्विडमधून मात्र साठ-सत्तर टक्के.

पायरी ५: किती मागवायचं

माणशी २५० ग्रॅम खाण्याजोगं मांस म्हणजे भरपेट. आठ जणांना दोन किलो. हे दोन किलो कसे जमवायचे? दीड किलोचा एक मासा (साधारण ६५० ग्रॅम), दोन किलो खेकडे (५०० ग्रॅम), ८०० ग्रॅम कोळंबी (३५० ग्रॅम), एक किलो मसल्स (२५० ग्रॅम) आणि ४०० ग्रॅम स्क्विड (२५० ग्रॅम). म्हणजे टेबलावर पावणेसहा किलोच्या आसपास माल येतो आणि पोटात दोन किलो जातो. उरलेला कवचांचा ढीग. शिवाय एखादी पालेभाजी, काहीतरी कच्चं-कुरकुरीत आणि शेवटी भात किंवा नूडल्स.

हा आकडा वरची मर्यादा समजा. पहिल्यांदा यातलं दोन तृतीयांशच सांगा आणि खेकडे निम्मे संपले की पुढचा विचार करा. स्वयंपाकघर बंद कधी होतं एवढं मात्र आधी विचारून ठेवा.

आता कारभाऱ्याचा खरा कस. एका जिवाला एकच पद्धत आणि एक मसाला एकदाच. लसूण-बटर कोळंबीला दिलं की ते संपलं, खेकड्याला काळी मिरी द्या, मसल्सना नुसती वाफ आणि आंबटसर रस, माशाला निखारा आणि मीठ, स्क्विडला तेल. मेनूकार्डाच्या समासात पेन्सिलीने खुणा करत गेलात तर गोंधळ होत नाही. निदान एक पदार्थ अगदी साधा, मसाल्याशिवायचा हवाच. माल खरंच चांगला आहे की नाही ते तिथेच कळतं.

नगांवर मोजायच्या गोष्टी माणसांच्या पटीत सांगा. आठ जण आणि सहा मोठ्या कोळंब्या हे भांडणाचं मूळ आहे. कुणीच शेवटची उचलत नाही, ती गार होते आणि मग ज्याला नको असते त्याच्या पानात जाते.

पायरी ६: काय कधी यावं

"सगळं एकदम आणा" हे वाक्य उच्चारू नका. वेटरला क्रम सांगा, आणि "हे ताट उचललं की पुढचं" असं स्पष्ट सांगा.

आधी थंड आणि कच्चं, म्हणजे बर्फावरची कालवं वगैरे. जीभ कोरी असताना त्यांची नाजूक चव कळते. मिरीच्या खेकड्यानंतर कालव खाणं म्हणजे पैसे पाण्यात. मग वाफवलेले मसल्स, शिंपल्या. त्यानंतर तळलेलं, आणि तेही एकटंच. तळणाच्या कुरकुरीतपणाचं आयुष्य पाच-सात मिनिटांचं: आतली वाफ बाहेर येते आणि कवच मऊ पडतं. स्क्विडची तर आणखी तऱ्हा. तो एकतर मोठ्या आचेवर एक-दोन मिनिटं शिजवावा, नाहीतर मंद आचेवर पाऊणएक तास. मधल्या वेळेत तो रबर असतो. त्यामुळे तो आला की गप्पा, फोटो, सगळं बंद. माझ्या कंपूत हा नियम फोटो काढणाऱ्यांनीच मोडलाय, दर वेळी.

मग अख्खा मासा. माशाचे स्नायू आखूड तंतूंचे असतात आणि ते जोडणारं कोलॅजन लवकर विरघळतं, म्हणून तो झटकन शिजतो आणि झटकन कोरडाही पडतो. अमेरिकी मार्गदर्शनाप्रमाणे आतलं तापमान ६३ अंश सेल्सिअस झालं की मासा खायला सुरक्षित. टेबलावर ओळखायची खूण म्हणजे मांस अपारदर्शक झालेलं असतं आणि काट्याने हलकेच सारलं की पाकळ्या सुटतात. मणक्याजवळ काचेसारखं दिसलं तर परत पाठवा.

खेकडा आणि शेवंड शेवटी. कवचात उष्णता टिकते, आणि खेकडा खायला वेळ लागतो. तासभर चालतो तो. पण त्याला 'शेवटी' म्हणजे पोट भरल्यावर नाही. म्हणूनच आधीची ताटं लहान हवीत. भात खेकड्याच्या रश्श्याबरोबर मागवा, आधी नको. भुकेच्या तडाख्यात आधी भातावर आडवा हात मारला की पुढचं सगळं फुकट.

पायरी ७: हात घाला

खेकड्यापुढे गोंधळून बसलेला एक तरी माणूस प्रत्येक टेबलावर असतो. त्याच्यासाठी हे सावकाश लिहितो.

खेकडा अख्खा आला असेल तर आधी पाय आणि नांग्या मुळाशी पिळून काढा आणि बाजूला ठेवा. अंग उलटं करा. पोटाकडची झडप नखाने उचलून मागे ओढा, तुटून येईल. तिथेच अंगठा घालून वरचं कवच उघडा, डबीचं झाकण उघडतो तसं. दोन्ही बाजूंना करड्या, पिसांसारख्या पट्ट्या दिसतील, ते कल्ले. विषारी नसतात, पण खाण्यात राम नाही, काढून टाका. डोळ्यांमागची छोटी पिशवी म्हणजे जठर, तीही काढा. कवचात जो पिवळसर-तपकिरी लगदा असतो त्यावर काही जण जीव टाकतात. चव खरंच खोल असते. पण तो खेकड्याच्या यकृताचं काम करणारा अवयव आहे, पाण्यातली नको ती द्रव्यंही त्यातच साठतात, म्हणून चमचाभर चाखा आणि थांबा.

आता अंग मधोमध मोडा. आत पातळ पडद्यांच्या खोल्या दिसतील, प्रत्येकीत मांसाचा एकेक घट्ट गोळा. घाईत लोक हा भाग चोखून टाकून देतात आणि नांग्यांवर तुटून पडतात. सगळ्यात गोड मांस तर इथेच असतं. प्रत्येक अर्ध पुन्हा आडवं मोडलं की खोल्या उघडतात. टोकदार पायाचं शेवटचं पेर तोडून घ्या, आतलं मांस कोरायला त्याच्यासारखं हत्यार नाही.

नांगीला अडकित्त्यासारख्या चिमट्याने एकदाच, मोजका दाब द्या. करकन आवाज आला की थांबा, कवच फिरवा, दुसऱ्या बाजूने पुन्हा. जोर लावून चेचलं की कवचाच्या कपच्या मांसात घुसतात आणि मग दातांत कचकच. नांगीचा हलणारा चिमटा मागे वाकवून हळूच ओढला तर आतल्या चपट्या कूर्चेसकट मांस अखंड बाहेर येतं. ते जमलं की माणूस आजूबाजूला बघतो, कुणी पाहिलं का म्हणून.

शेवंडीची शेपटी पिळून वेगळी करा, पोटाकडून कात्रीने कापा. पाठीतली काळी शीर काढा. बारीक पायांतलं मांस दातांनी दाबत दाबत बाहेर ढकला.

मसल्ससाठी काटाचमचा नकोच. पहिला मसल खाल्ला की त्याचं रिकामं शिंपलं चिमट्यासारखं धरा आणि पुढचे सगळे त्यानेच उचला. शिजूनही तोंड न उघडलेला एखादा असेल तर त्याच्याशी झटापट करू नका. कालव गिळू नका, दोन-तीनदा चावा. खारट चव आधी येते, गोडसर मागून.

अख्ख्या माशात कारभाऱ्यानेच सुरी घ्यावी. डोक्यापासून शेपटीपर्यंत मधल्या रेषेवर हलकेच चीर द्या, वरचं मांस दोन्हीकडे सारा, मग शेपटीकडून मणका उचला. सगळा सांगाडा डोक्यासकट एकत्र निघतो आणि खालचा भाग काट्यांविना मोकळा होतो. मासा उलटवायची गरजच नाही. गालांचे दोन छोटे तुकडे विसरू नका. माशाला गाल दोनच, आणि ते कुणाला द्यायचे हा कारभाऱ्याचा एकमेव हक्क. मी ते पहिल्यांदाच मासळी खायला आलेल्याला देतो.

काटा घशात अडकला तर भाताचा गोळा किंवा पाव गिळायला लावू नका. काटा आणखी खोल रुतू शकतो. हलकं खोकून बघा. टोचणं थांबलं नाही, रक्त आलं किंवा गिळता येईना तर डॉक्टर.

आणि ट्यूना, बांगड्यासारखा मासा जिभेला विनाकारण तिखट, झिणझिण्या आल्यासारखा लागला तर तोंडातला घास टाकून द्या आणि बाकीच्यांनाही थांबवा. मासा पकडल्यावर नीट थंड ठेवला नाही की त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं असा त्रास होतो आणि तो ॲलर्जीसारखाच दिसतो.

टेबलावर कवचं टाकायला दर तिघांत एक रिकामं भांडं मागून घ्या आणि भरलं की बदलायला सांगा. वाढायला स्वतंत्र चमचे हवेतच. हात धुवायला कोमट पाणी आणि लिंबू.

पायरी ८: बिल आणि उरलंसुरलं

पैशांचं आदल्या दिवशीच ठरवा. आमची पद्धत अशी: सगळ्यांनी खाल्लेलं समान वाटायचं, कालवं आणि शेवंड ज्यांनी खाल्ली त्यांच्यात वेगळी वाटायची, पेयं ज्याची त्याला. कोळंबी न खाणाऱ्या मैत्रिणीकडून कोळंबीचे पैसे घेणं मला तरी जमत नाही. बिल आलं की वजनाच्या ओळी आधी वाचा आणि काट्यावर पाहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. मी तो आकडा मोबाइलवर टिपून ठेवतो.

उरलेलं बांधून न्यायचं तर घड्याळ बघा. शिजलेली मासळी बाहेर दोन तासांहून जास्त राहिलेली नको; हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. घरी ४ अंश किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. कच्चं बांधून नेऊ नका. तळलेलंही नको, ते परत कधीच कुरकुरीत होत नाही.

न्यायचीच असतील तर टेबलावर कुणाच्या तोंडाला न लागलेली कोळंबीची डोकी, शेवंडीचं कवच आणि माशाचा सांगाडा न्या. वेटर जरा चमत्कारिक नजरेने बघेल, बघू द्या. घरी त्यांचा रश्श्यासाठी अर्क उतरवा: कवचं थोड्या तेलात खरपूस वास सुटेपर्यंत परता, एक कांदा चिरून टाका, बुडतील एवढं पाणी घाला आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवा. सांगाड्याचे काटे मात्र शेवटची वीस मिनिटं उरली की टाका, जास्त उकळले तर कडवट उतरतात. गाळून घ्या. मीठ आत्ता नको, ज्यात वापराल त्यात घाला.